मदत हवी आहे: जुनं पायमशीन जाड कापडावर टाके सोडतंय

नमस्कार मंडळी. आजीचं काळं पायमशीन पुन्हा चालू केलंय. गोल बॉबिनचं आहे, चामडी पट्टा नवा टाकलाय. आत सुकून चिकटलेलं तेल रॉकेलने सोडवलं, पुसून कोरडं केलं आणि मग मशीनचंच तेल घातलं. सुती कापडावर आता टीप सुरेख पडते.

पण सोलापुरी चादरीची कड दुमडून शिवायला घेतली की दुमडीच्या जाड भागावर टाके सुटतात आणि खालून दोऱ्याचे सैल फास दिसतात. खालचे फास म्हणजे बहुतेक वरचा दोरा सैल, म्हणून टेन्शनच्या (वरचा दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्यांमधला धाग्याचा कचरा काढला. १६ नंबरची सुई काढून १८ची लावली, दोराही खोबणीच्या बाजूनेच ओवलाय. फास कमी झाले, टाके मात्र सुटतातच.

शटलचं, म्हणजे खाली सुईच्या दोऱ्याचा फास पकडणाऱ्या भागाचं, टोक बोटाला बोथट लागतं. एका कारागिराने सरळ टायमिंग (सुई आणि शटलच्या हालचालीचा मेळ) बदलायला सांगितलं, पण पातळ कापडावर सगळं ठीक असताना त्याला हात लावावा असं मला वाटत नाही. आधी शटल बदलावं का? आपल्याकडे युनिफॉर्म शिवणारे इतके आहेत, जुन्या मशीनचं शटल बसवून देणारा जाणकार कुणाला माहीत असेल तर कृपया कळवा. मशीन विकायचं नाही.