टप्पा अनुदान म्हणजे नक्की काय भानगड आहे?

बहिणीचा नवरा माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, 14 वर्षं झाली, दर महिन्याला अर्ध्याहून कमी पगार, संध्याकाळी क्लास घेतो तेव्हा कुठे घर चालतं. शाळा "40 टक्क्यांवर" आहे म्हणतो. हे टक्के कसले? 1977 च्या कायद्यात खासगी शाळांच्या शिक्षकांना वेतनश्रेणी दिलीये ना?

खडूफळा: कायदा वेतनश्रेणी ठरवतो हो, पण पैसे देणार कोण ते अनुदानावर. या शाळांना परवानगीच "कायम विनाअनुदानित" म्हणून मिळालेली, म्हणजे अनुदान कधीच मागायचं नाही. 2009 ला "कायम" शब्द काढला, मग शाळांचं मूल्यांकन, आणि 2016 ला कुठे 20 टक्क्यांचा पहिला टप्पा सुरू झाला. म्हणजे शासन पगाराचा तेवढाच हिस्सा देतं, उरलेला संस्थेने द्यायचा. संस्था देते का ते दाजींनाच विचारा 😀

मागचा_बाक: आणि पुढचा टप्पा आपोआप मिळत नाही बरं का, दर वेळी आझाद मैदानात पावसात बसावं लागतं. मी बसलोय, छत्रीखाली पेपर तपासलेत.

खडूफळा: त्यांची शालार्थ आयडी (शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला नंबर) आणि वैयक्तिक मान्यतेचं, म्हणजे नेमणुकीला शिक्षण खात्याने दिलेल्या मंजुरीचं पत्र आहे ना ते आधी बघा. झेरॉक्स नको, ओरिजिनल.

प्रश्नकर्ता: पत्र आहे. पेन्शनचं काय पण?

मागचा_बाक: 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेत, जुनी पेन्शन विसरा. त्याआधी लागलेले पण 100 टक्के अनुदान नंतर आलेले, ते अजून कोर्टात भांडतायत.