‘बाप्तिस्मा’सोबत कोणते क्रियापद: देणे, घेणे की करणे?

विचारणा (माजिवडा, ठाणे)

माझं माहेर वसईकडचं, सगळे कॅथलिक. नवरा हिंदू, लग्न नोंदणी पद्धतीने झालं. मुलीचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, करायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर तिचा मार्ग मोकळा आहे. पण घरी बोलताना शब्दांशीच अडतंय. आई म्हणते, ‘तुम्ही बाळाला बाप्तिस्मा नाकारलात.’ मी म्हणते, ‘दिला नाही.’ नवरा म्हणतो, ‘तिने घेतलेला नाही.’ शेजारच्या काकू विचारतात, ‘बारसं झालं ना, मग आणखी काय राहिलं?’ यात नेमकं मराठी कोणतं?

वाशी

शब्द मूळचा ग्रीक, अर्थ बुडवणे. मराठी बायबलमधून तो ‘बाप्तिस्मा’ असाच रुळला. मराठी कॅथलिक त्यालाच स्नानसंस्कार म्हणतात. क्रियापदं तिन्ही चालतात, पण प्रत्येकात कर्ता वेगळा. बाप्तिस्मा देतात ते फादर किंवा पाळक, आईवडील नव्हेत. त्यामुळे ‘मी दिला नाही’ यापेक्षा ‘देवविला नाही’ जास्त अचूक. हे प्रयोजक (दुसऱ्याकडून करवून घेणं दाखवणारं) रूप हल्ली कानावर पडत नाही, पण तुमच्या प्रश्नाला तेच हवं.

‘घेणे’मध्ये घेणाऱ्याची इच्छा येते. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तेव्हा घेतला नाही. काही वर्षांनी, स्वतःचं मन वळल्यावर घेतला. तिथे ‘घेतला नाही’ हे खरंखुरं वाक्य आहे, कारण त्यामागे माणसाचा निर्णय आहे. तान्ह्या बाळाबद्दल तेच म्हटलं, तर निर्णय तिच्या माथी मारल्यासारखा होतो.

आणि ‘नाकारणे’? कुणी मागितलं तरच नाकारता येतं. बाळाने काही मागितलेलं नाही. मागितलं ते आजीने. तेव्हा तुम्ही नाकारलीत ती आजीची विनंती.

ऐरोली

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, फक्त देवाला समर्पण करतात. मूल समजतं झालं की ते स्वतः पाण्यात उतरतं. आईंना तेवढं चालेल का, विचारून पाहा.

नौपाडा

समर्पणातही आईवडील श्रद्धेत वाढवण्याचं वचन देतात. ते मनापासून देता येत नसेल तर नुसतं आजीसाठी करू नये, असं मला कळकळीने वाटतं.

आता आजीच्या बाजूने थोडं. मासुंदा तलावाजवळचं आमचं चर्च बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्याच नावाचं आहे. इथे वाढलेल्या माणसाला स्नानसंस्काराशिवायचं मूल उघड्यावर राहिल्यासारखं वाटतं. चर्चचा कायदाही (कलम 867) पहिल्या काही आठवड्यांत संस्कार करा असंच सांगतो. पण पुढचं कलम फारसं कुणी वाचत नाही. 868 नुसार निदान एका पालकाची संमती लागते, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी आशाच नसेल तर संस्कार लांबणीवर टाकायचा. आजीच्या मनात बाळाच्या आत्म्याची भीती असेल, तर 2007 मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार असल्याचं मांडलंय. हे त्यांना जरूर सांगा. ती भीती व्याकरणाने जाणार नाही.

शब्दाच्या अंगानेही एक गोष्ट लक्षात घ्या. सात वर्षं पूर्ण झाली की या कायद्यात मूल समजतं धरतात आणि बाप्तिस्म्यासाठी त्याला प्रौढांचे नियम लागू होतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत ‘देवविणे’ मागे पडून ‘घेणे’ सुरू होण्याचं वयही ठरलेलं आहे. तोवर ‘लांबवला’ म्हणता येईल.

विचारणा करणारी

‘लांबवला’ म्हटलं की आई पुढची तारीख विचारणार. ती देण्याचा माझा विचार नाही, म्हणून तो शब्द नको. ‘अजून झाला नाही’मधल्या ‘अजून’चंही तेच. आईला सरळ सांगेन, ‘तुझं मागणं मी मान्य केलं नाही.’ ऐकायला कठीण आहे, पण निर्णय कुणाचा ते त्यात लपत नाही. काकूंना सांगेन की बारशाला नाव ठेवतात आणि स्नानसंस्काराने मूल चर्चचं होतं. नाव ठेवून झालंय, दुसरं आम्ही केलेलं नाही. आई फादरांकडे घेऊन जाणार आहे. त्यांच्यासमोर ‘देवविला नाही’ म्हणेन आणि 2007 च्या त्या मांडणीबद्दल आईला त्यांच्याच तोंडून ऐकवायला सांगेन.