मोटर ड्रायव्हरच्या उत्तराआधी एक जादा ०० बाइट येतोय, मदत हवी आहे

मंडळी, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका पॅकिंग मशीनवर अर्डुइनो मेगा (कंट्रोलर बोर्ड), मॅक्स४८५ मॉड्यूल (दोन तारांच्या आरएस-४८५ लाइनवर बोलणारी चिप) आणि मॉडबस आरटीयू या संदेश-पद्धतीने बोलणारा स्टेपर मोटर ड्रायव्हर आहे. ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप. केबल १२ मीटर, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर.

दोन रजिस्टर वाचायची कमांड अशी जाते: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. उत्तर ९ बाइटचं हवं: ०१ ०३ ०४, मग ४ बाइट डेटा, शेवटी सीआरसी (चूक पकडायचे २ तपासणी बाइट). येतात १०, पहिला ००. साहजिकच सीआरसी जुळत नाही. एकच रजिस्टर लिहायची ०६ कमांड मोटर बिनबोभाट मानते, म्हणजे पाठवण्याची बाजू ठीक आहे. डीई पिनही (मॅक्स४८५ ची पाठवणं चालू करणारी) फ्लशनंतरच, म्हणजे सगळे बाइट बाहेर पडल्यावरच खाली जाते, दोन फ्रेममध्ये ४ मिलिसेकंद शांतता आहे.

संशय दोन जागी आहे. एक, आरई (ऐकणं चालू-बंद करणारी पिन) हाय, म्हणजे ऐकणं बंद असताना आरओ (आलेला डेटा देणारी पिन) अधांतरी राहते. तिला १० किलोओहमचा पुल-अप लावावा का? दोन, कुणीच बोलत नसताना ए आणि बी या दोन तारांमधला व्होल्टेज शून्याजवळ येतो आणि रिसीव्हर त्यालाच स्टार्ट बिट समजतो. ए ला ५ व्होल्टकडे, बी ला ग्राउंडकडे ६८० ओहम लावले तर हिशेबाने जेमतेम २१० मिलिव्होल्ट मिळतात, रिसीव्हरची हद्द २०० ची. मोटर चालू असताना एवढं पुरेल?

पहिला ०० सरळ फेकून देणं हा उपाय नको. उद्या दुसरा ड्रायव्हर जोडला की तेच रडगाणं. फेल-सेफ (लाइन शांत असताना आउटपुट आपोआप हाय ठेवणारा) मॅक्स३०८५ नागपुरात बर्डीवर सुटा मिळतो का? आणि हिंगण्याच्या आसपास कुणाकडे दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप आहे का?