पामुक्काले उडवा, आयवालिकला जा. पटतंय का?

टिवल्याबावल्या

ओळखीतल्या बऱ्याच जणांचं तुर्कस्तान ठरतंय आणि सगळ्यांची आयटिनररी सेम टू सेम. इस्तंबूल, कपाडोक्याचा बलून, पामुक्काले, एफेसस, परत इस्तंबूल, ग्रँड बझारमधून रंगीत दिवे उचलले की घरी. माझं म्हणणं एवढंच की पामुक्काले उडवा आणि ते दिवस एजियनच्या किनाऱ्यावर आयवालिकला द्या. पामुक्कालेला डोंगरउतारावरच्या पांढऱ्या चुनखडीच्या सगळ्या कुंडांत एकदम पाणी सोडत नाहीत, आळीपाळीने सोडतात, त्यामुळे फोटोत जे निळंशार दिसतं ते बऱ्याचदा कोरडं पांढरं निघतं, आणि त्यासाठी लोक अख्खा दिवस बसमध्ये घालवतात.

आयवालिक म्हणजे इझमीरहून उत्तरेला बसने अडीच-तीन तास. १९२२ पर्यंत हे जवळजवळ पूर्ण ग्रीक ऑर्थोडॉक्स गाव होतं, ऑलिव्ह तेल आणि साबणाच्या धंद्यावर गबर झालेलं. त्या कारखान्यांची विटांची धुराडी अजून घरांच्या मधून वर आलेली दिसतात, आणि या सगळ्या औद्योगिक वारशासाठी गाव २०१७ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. मागच्या गल्ल्यांत गुलाबीसर दगडाची घरं, दारांवर देवळासारखे त्रिकोणी कळस. मी ज्या घरात राहिलो त्याच्या चौकटीच्या वरच्या दगडात १८९० च्या आसपासचं साल कोरलेलं आणि खाली त्याच दाराला पिन टाकायचं डिजिटल कुलूप. साअतली जामी नावाची मशीद आहे ती मुळात चर्च, घंटेच्या मनोऱ्यावर घड्याळ आणि शेजारी मिनार. पुलावरून पलीकडे जुंदा बेट, तिथलं १८७३ चं चर्च १९४४ च्या भूकंपात तडकलं होतं, ते दुरुस्त करून २०१४ साली म्युझियम केलंय, आत जुन्या गाड्या, खेळणी, इंजिनं. संध्याकाळी शैतान सोफ्रासी नावाच्या टेकडीवर चढा, खाली बेटंच बेटं.

शिवाय बर्गामा तासाभरावर. म्हणजे प्राचीन पर्गामॉन. तिथली प्रसिद्ध वेदी जर्मनांनी बर्लिनला नेली आणि आता तिथलं म्युझियमच ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, त्यामुळे सध्या ती कोणालाच दिसत नाही. पण डोंगराच्या उतारावर बसवलेलं थिएटर जागेवर आहे, वरून खाली बघितलं की पाय लटपटतात.

मतं येऊ द्या.

मार्केटयार्ड

मत एकच, तुर्कस्तानच कशाला? मे २०२५ विसरलात का एवढ्यात? ऑपरेशन सिंदूरच्या वेळी ते उघड उघड पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा आमच्या पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं. चांगला चालणारा माल होता, नुकसान सोसलं. आणि तुम्ही इथं धुराडी न् घड्याळं दाखवताय. तुमचा पैसा तुम्ही कुठं घालायचा तो घाला, पण निदान लोकांना आग्रह तरी करू नका.

टिवल्याबावल्या

@मार्केटयार्ड, राग कळतो आणि ज्यांना जायचं नाही त्यांनी जाऊ नये, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. माझा धागा ज्यांचं तिकीट आधीच निघालंय त्यांच्यासाठी आहे. आणि एक सांगतो, मोठ्या टूर कंपनीचं पॅकेज आणि दोन खोल्या भाड्याने देणारी गावातली बाई, या दोघांकडे जाणारा पैसा एक नाही.

मार्केटयार्ड

त्या बाईचा टॅक्स काय म्युनिसिपालटीच्या बागेत जातो का. असो.

कल्याणकर

बॉयकॉटचं बाजूला ठेवतो, माझा आक्षेप वेगळा आहे. लेखात "१९२२ पर्यंत ग्रीक गाव होतं" हे एका अर्ध्या वाक्यात उरकलंय आणि लगेच गुलाबी दगड. पण ती माणसं गेली कुठं? १९२२ साली ग्रीस तुर्कांविरुद्धचं युद्ध हरल्यावर गावातले १८ ते ४५ वयाचे पुरुष कामगार तुकड्यांत घालून आत अनातोलियात चालवत नेले, त्यातले फार थोडे परत आले. बायका-मुलं-म्हातारी बोटीत बसून समोरच्या लेस्बॉस या ग्रीक बेटावर. मग जानेवारी १९२३ मध्ये लोझानला करार झाला, लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल, निकष फक्त धर्म. साधारण १२ लाख ऑर्थोडॉक्स तुर्कस्तानातून ग्रीसला, त्यातले बरेचसे आधीच पळालेले, आणि साडेतीन-चार लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले.

मी उल्हासनगरच्या शेजारी वाढलोय, फाळणीत सगळं टाकून आलेल्या सिंधी लोकांच्या दुकानात आमचं उधारीचं खातं होतं. त्यांच्या सक्कर-शिकारपूरच्या वाड्यांत आज कोणी बुटिक हॉटेल काढून "काय निवांत वाटतं हो इथं" असं लिहिलं तर मला तरी ते वाचणं सहन होणार नाही. जाऊ नका म्हणत नाहीये मी, पण पामुक्कालेच्या जागी टाकायचा एक ऑप्शन म्हणून या गावाकडे बघणं खटकतं.

सातारी_कंदी

कल्याणकर, तुमचा अभ्यास आहे हे दिसतंय पण अर्धीच गोष्ट सांगताय. ग्रीक सैन्य २९ मे १९१९ ला याच आयवालिकला उतरलं होतं, तिथल्या तुर्की रेजिमेंटच्या अली बेने गोळीबार करून विरोध केला, जुंदाचं अधिकृत नाव अलिबे आहे ते त्याच्यावरूनच. आणि त्या घरांत नंतर आले कोण? ग्रीसमधल्या क्रीट बेटाचे, लेस्बॉसचे, मॅसेडोनियाचे मुसलमान, ज्यांची तिकडची घरं, ऑलिव्हच्या बागा, कबरी सगळं सुटलं. क्रीटवाल्यांना तर धड तुर्की येत नव्हतं, घरात ग्रीकच बोलायचे, जुंदामध्ये अगदी म्हाताऱ्या माणसांकडून अजूनही ऐकू येतं म्हणतात. म्हणजे तिथं यांना "तुर्क" म्हणून हाकललं आणि इथं आल्यावर "अर्धे ग्रीक" म्हणून टोमणे. आज ज्या बाईकडून तुम्ही खोली घेणार ती यांची नात-पणती असू शकते. तिने घर भाड्याने देऊ नये का? पोट कशावर भरायचं तिने?

आणि तुमचं सिंधी उदाहरण पूर्ण लागू पडत नाही. आपल्याकडे दंगलींनी आणि भीतीने लोक गेले, कागदावर सक्ती नव्हती. तिथं दोन सरकारांनी सही करून ठरवलं की तुम्हाला राहायचं असलं तरी राहता येणार नाही.

कल्याणकर

सक्ती कागदावर होती हे तर जास्तच वाईट ना? त्या बाईने भाड्याने द्यावं, खुशाल द्यावं. माझा मुद्दा ती नाही, आपण आहोत. आणि मुळात गाव असं जसंच्या तसं का राहिलं याचाही विचार करा. माझ्या मते मालक गेले, आलेल्यांकडे पाडून नवीन बांधायला पैसा नव्हता, म्हणून टिकलं. आपण जे बघायला जातो ते त्या रिकामपणाचं उरलेलं आहे, आणि लेखात ते कुठंच येत नाही.

रश्श्या

एवढा समुद्र बघायचाय तर रेवदंडा काय वाईट आहे. पोर्तुगीजांचा पडका किल्ला आहे, चर्चचा मनोरा आहे, माडाची सावली आहे, व्हिसा लागत नाही. पापलेट पण ताजं.

टिवल्याबावल्या

@रश्श्या, रेवदंड्याला दर पावसाळ्यानंतर जातोच, ते काही पळून जात नाही.

@कल्याणकर, तुम्ही जे लिहिलंय ते तिथं लपवून ठेवलेलं नाही हो. मशिदीत गेलात तर चर्चची रचना तशीच समोर दिसते, खांब तेच, फक्त बसायची दिशा थोडी तिरकी कारण मक्केकडे तोंड. कोणी गाइड लागत नाही, पाचवीतलं पोरगंही विचारतं की हे आधी काय होतं. म्हणून तर म्हणतोय जा. पामुक्कालेला उभं राहून कोणाला १९२३ आठवणार आहे? तुमच्या हिशोबाने जायचं तर मग इस्तंबूलही नको, दिल्लीचं करोलबागही नको, लाहोरही नको. जिथं कोणी कोणाला हाकललं नाही असं देखणं जुनं बंदर दाखवा मला एक.

मीच_तो

श्टुटगार्टहून लिहितोय. आम्ही हे उलट्या बाजूने केलं, म्हणजे लेस्बॉसला उतरलो आणि तिथूनच आयवालिक बघितलं, लांबून. दोन्ही बाजूंच्या वादात भर टाकतो. मिटिलिनी या लेस्बॉसच्या मुख्य गावात एपानो स्काला म्हणून जुन्या बंदराचा भाग आहे, तिथं तुर्कस्तानातून आलेल्या निर्वासित आईचा पुतळा आहे, कडेवर आणि पायाशी पोरं. आणि त्याच भागात येनी जामी नावाची मशीद, छप्पर गेलेलं, आत गवत, कुलूप. म्हणजे तुर्कांनी चर्च वापरात ठेवलं पण मशीद करून, आणि ग्रीकांनी मशीद मशीदच ठेवली पण पडू दिली. कोणाचं बरोबर ते ज्याने त्याने ठरवावं, मला तरी आयवालिकचं बरं वाटतं, निदान आत माणसं येतात-जातात.

तेच बेट, आणि २०१५ मध्ये त्याच पाण्यातून सीरिया-अफगाणिस्तानचे लाखो लोक रबरी बोटींतून त्याच किनाऱ्याला लागले. तिथल्या बऱ्याच घरांमध्ये आजी निर्वासित म्हणून आली होती, त्यामुळे सुरुवातीला लोकांनी भरपूर केलं, नंतर छावण्या फुगल्या आणि लोकही वैतागले.

मार्केटयार्ड यांच्यासाठी: तुर्कस्तानला पैसा द्यायचाच नसेल तर लेस्बॉसच करा. उत्तरेला मोलिवोस गाव आहे, वर किल्ला खाली बंदर, आयवालिकपेक्षा देखणं आहे असं माझं मत, आणि गर्दी सँटोरिनीच्या मानाने काहीच नाही.

मार्केटयार्ड

हे पटलं. धागा याचाच काढायला हवा होता.

कुलकर्ण्यांची_सून

इतिहासावर सगळे तुटून पडलेत, मी जरा व्यवहाराचं बोलते कारण मी सासूसासऱ्यांना घेऊन गेले होते आणि माझं मत धागाकर्त्याच्या पूर्ण विरुद्ध आहे. त्या गोंडस गल्ल्या सगळ्या चढाच्या आणि गुळगुळीत दगडांच्या, सासऱ्यांचा गुडघा पहिल्याच संध्याकाळी सुजला. जुन्या घरातली हॉटेलं दिसतात छान पण लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि उभा, न्हाणीघर बोळकंडीएवढं. आमच्या हॉटेलने बुकिंगमध्ये तळमजला दिला होता आणि गेल्यावर म्हणाले दुसऱ्या मजल्यावर खोली आहे, भांडून बदलून घ्यावी लागली. जुलै-ऑगस्टला तर अख्खं इस्तंबूल आणि इझमीर इथं येऊन पडतं, जुंदाच्या पुलावर गाड्यांची रांग, बंदरावर टेबल मिळायची मारामार. ज्येष्ठ लोकांसाठी पामुक्काले सोपं पडतं, गाडी जवळपर्यंत जाते.

पण खाण्याचं मात्र कौतुक करते, आम्ही शाकाहारी असून अजिबात हाल झाले नाहीत. तिथं ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढायच्या भाज्यांची पद्धत आहे, वाल-घेवड्यासारख्या शेंगा, आर्टिचोक, द्राक्षाच्या पानांचे भात भरलेले रोल, आणि भोपळ्याच्या फुलात भात भरून केलेला प्रकार. सासूबाईंनी ती फुलं बघून लगेच आपल्या भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांचा विषय काढला आणि वेटरला मराठीतून रेसिपी सांगितली. खारट चवीची समुद्राकाठची एक हिरवी भाजी लसूण घालून देतात ती नक्की खा. फक्त "आयवालिक टोस्ट" मागवताना सांगा की सुजुक (मसालेदार मांसाचं सॉसेज) आणि साधं सॉसेज नको, नुसतं कशार चीज आणि टोमॅटो, नाहीतर सगळं मांस घालूनच देतात. गुरुवारी मोठा बाजार भरतो, तो चुकवू नका, खेड्यांतून बायका रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात.

सातारी_कंदी

@कुलकर्ण्यांची_सून, त्या रानभाज्या आणि ती सगळी पालेभाज्यांची आवड क्रीटहून आलेल्यांनी आणली असं तिथले लोक मानतात. बघा, कल्याणकर, रिकामपणाचं उरलेलं सगळंच नाही, कोणीतरी येऊन काहीतरी भरलंय पण त्यात.

कल्याणकर

हे मान्य, भाजीपुरतं :) घरांबद्दलचं माझं मत तेच आहे.

टिवल्याबावल्या

@कुलकर्ण्यांची_सून, गुडघ्याचा मुद्दा बरोबर, ज्येष्ठ असतील तर जुन्या गावात न राहता सारिमसाक्लीच्या बीचकडे हॉटेल घ्या, तिकडे सपाट आहे आणि गावात यायला दोलमुश (शेअरची मिनीबस) मिळते. आणि जुलै-ऑगस्ट कोण सांगतंय, मे-जून किंवा सप्टेंबर. ऑक्टोबर शेवटी-नोव्हेंबरला गेलात तर ऑलिव्ह उतरवायचं काम चालू असतं, पण तेव्हा समुद्रात उतरायचं विसरा.

भाग्यश्री_ठा

मला वाद नको, एकच प्रश्न. आयवालिकहून सकाळच्या फेरीने लेस्बॉसला जाऊन संध्याकाळी परत असं करता येईल का? शेंगेन (युरोपचा) व्हिसा आहे माझ्याकडे.

मीच_तो

@भाग्यश्री_ठा, फेरी तास-दीड तासाची आहे, पण तुमचा अडथळा वेगळा. शेंगेन दाखवून भारतीयांना तुर्कस्तानचा जो ई-व्हिसा मिळतो तो सिंगल एंट्री असतो. मिटिलिनीला उतरलात की तो संपला, संध्याकाळी परत यायला दुसरा काढावा लागेल. त्यामुळे डे ट्रिपचा हट्ट सोडा, आयवालिक शेवटी ठेवा, तिथून लेस्बॉसला जा आणि परतीचं विमान अथेन्सहून घ्या. निघण्याआधी नियम एकदा तपासून घ्या, बदलत असतात. आणि हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात, वारा सुटला तर रद्दही होतात, म्हणून पुढचं विमान त्याच दिवसाचं ठेवू नका.

मार्केटयार्ड

किंवा सरळ अथेन्सलाच उतरा आणि तिथूनच परत या. व्हिसाही वाचला.