वचन मोडणारी माणसे आणि वचन पाळणारा देव : काही अनुभव

या धाग्यासाठी अनुभव मागवताना एकच प्रश्न ठेवला होता. आपण देवाची आज्ञा मोडत होतो, किंवा आपल्या जवळचे कोणी ती मोडताना आपण पाहत होतो, त्या काळात देवाने आपले अभिवचन पाळले हे कशावरून कळले? ‘देव विश्वासू आहे’ हे वाक्य उपासनेत आपण इतक्या सहजपणे म्हणतो की ते कोणाविषयी आणि कोणासमोर म्हटले जात आहे, याचा विसर पडतो. विश्वासू माणसांशी विश्वासू राहणे चांगल्या माणसालाही जमते. पवित्र शास्त्र मात्र देवाची जी कथा सांगते, तिच्यातला दुसरा पक्ष जवळजवळ प्रत्येक पानावर शब्द मोडत असतो.

अनुभवांकडे जाण्यापूर्वी उत्पत्तीच्या १५व्या अध्यायाकडे लक्ष वेधावेसे वाटते. देवाने देऊ केलेला कनान देश आपल्याला मिळेल हे कशावरून समजावे, असे अब्राम विचारतो. देव त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला आणि पारव्याचे पिल्लू आणायला सांगतो. अब्राम जनावरे मधोमध चिरून त्यांचे भाग समोरासमोर मांडतो, पक्षी मात्र चिरत नाही, आणि मांसावर झडप घालणारी गिधाडे हाकलत बसतो. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते आणि अंधार पडल्यावर धुराची भट्टी व जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. चिरलेल्या जनावराच्या भागांमधून चालत जाऊन करार करण्याची रीत यिर्मयाच्या ३४व्या अध्यायातही दिसते. करार मोडणाऱ्याची गत त्या जनावरासारखी व्हावी, असा तिचा आशय. येथे त्या तुकड्यांमधून अब्राम चाललाच नाही, देव एकटा गेला. पुढच्याच अध्यायात अब्राम आणि साराय वाट पाहण्याचे सोडून सारायची दासी हागार हिच्या द्वारे स्वतःच संतती मिळवू पाहतात, आणि तरीही त्यानंतरच्या अध्यायात देव तोच करार पुन्हा बोलून दाखवतो, उलट सारायला होणाऱ्या मुलाचे, इसहाकाचे, नावही आधीच सांगून ठेवतो. खाली ज्यांनी लिहिले आहे त्यांतील बहुतेकांना हा अध्याय पाठ असेल. मला तो नव्याने वाचावा लागला, कारण त्यांची पत्रे त्याच्या प्रकाशातच नीट समजतात.

नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले एक वाचक

माझी सगळी नोकरी जमिनींची खरेदीखते नोंदवण्यात गेली, त्यामुळे यिर्मयाच्या ३२व्या अध्यायाशी माझी जवळीक जरा वेगळी आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे आणि नगर शत्रूच्या हाती जाणार, असे त्यानेच सांगितले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येऊन अनाथोथ येथील शेत विकत घ्यायला सांगतो. यिर्मया १७ शेकेल रुपे तागडीत तोलून देतो, खतावर साक्षीदार घेतो आणि एक मोहोरबंद व एक उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन, त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. ज्याने आयुष्यभर खते हाताळली आहेत त्याला यातले गांभीर्य लगेच जाणवते. शत्रूने वेढलेल्या मुलखातील जमीन कोणी शहाणा माणूस घेत नाही, आणि घेतलीच तर तिचे कागद इतक्या निगुतीने जपत नाही. लोकांनी आज्ञा मोडल्यामुळेच हा वेढा पडला आहे, हे यिर्मया त्याच अध्यायातील प्रार्थनेत स्पष्ट कबूल करतो; आणि तरीही या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे देव सांगतो.

हे मला समजले ते माझ्या थोरल्या भावामुळे. वडिलोपार्जित हिश्श्यावरून आमचे बोलणे तुटले होते. क्षमा करण्याची आज्ञा मला ठाऊक होती. मी ती वर्षानुवर्षे बाजूला ठेवली आणि बाकीची सारी भक्ती नेमाने चालू ठेवली. प्रार्थनेला बसलो की दादाचे नाव मनात येई आणि मी उठून दुसऱ्या कामाला लागे. देव मला छळतो आहे असे तेव्हा वाटायचे. आज उलट वाटते, की त्याने मला सोडून दिले असते तर ते नाव पुन्हा पुन्हा माझ्यासमोर आलेच नसते. दादाच्या आजारपणात शेवटी मी त्याच्याकडे गेलो. हिश्श्याचा वाद अजूनही सुटलेला नाही. बोलणे मात्र पुन्हा सुरू झाले आहे, आणि ज्या देवाला मी इतका काळ टाळले त्याने मला टाळले नव्हते, एवढे मी साक्षीदारासारखे सांगू शकतो.

एक आई

माझ्या मुलीने विश्वास सोडला आहे आणि ती परत आली असे मला येथे लिहिता येणार नाही. तरीही लिहिते, कारण अशा धाग्यांत बहुधा शेवट गोड झालेलेच अनुभव येतात आणि माझ्यासारख्या आयांना आपली श्रद्धा कमी पडली असे वाटू लागते.

आरंभी मी देवाशी हिशेब मांडत असे. लेकराला योग्य मार्गाचे वळण लावले की ते म्हातारपणीही त्या मार्गापासून दूर जाणार नाही, अशा आशयाचे नीतिसूत्र मी हमीपत्रासारखे पुढे करत असे आणि देवाने शब्द पाळला नाही असे मनात धरून बसत असे. आमच्या पाळकांनी मला होशेयाचा ११वा अध्याय वाचायला दिला. तेथे देव स्वतः पालक म्हणून बोलतो. एफ्राइमाला, म्हणजे इस्राएल लोकांना, चालायला त्याने शिकवले, त्याला हातांवर उचलून घेतले, आणि जितके अधिक बोलावले तितके ते लेकरू दूरच जात राहिले. पुढे शिक्षेचे शब्द येतात, आणि मग एकदम देवाचेच अंतःकरण कळवळते. मी तुला कसा सोडून देऊ, असे तो विचारतो, आणि मी देव आहे, मनुष्य नाही, हे त्यामागचे कारण सांगतो. हा अध्याय वाचून मी फार रडले. लेकरू दूर गेले म्हणजे पालकाचा शब्द खोटा ठरतो, हा माझा समज त्या दिवशी सुटला. माझी मुलगी उद्या परतेल असे अभिवचन मला कोठेही सापडलेले नाही. ती जेथे आहे तेथे तिला शोधणारा देव थकत नाही, एवढे मला सापडले आहे, आणि तेवढ्यावर मी तिच्याशी पुन्हा प्रेमाने बोलू लागले आहे. पूर्वी माझ्या प्रत्येक फोनमध्ये उपदेश असे. आता मी तिचे ऐकते.

रात्रपाळी करणाऱ्या एक परिचारिका

थोडक्यात लिहिते. विलापगीतातील देवाच्या दया रोज सकाळी नव्या होतात, हे वचन भेटकार्डांवर इतक्या वेळा पाहिले होते की ते कोणी सुखी माणसाने लिहिले असावे असे वाटायचे. पूर्ण पुस्तक वाचले तेव्हा कळले की ते जळालेल्या नगराच्या राखेत बसून लिहिलेले आहे. पाच अध्यायांच्या या ग्रंथात ते शब्द अगदी मध्यावर, तिसऱ्या अध्यायात येतात. त्यांच्या आधी भूक, मृत्यू आणि लज्जा आहे, आणि त्यांच्यानंतरही तेच सुरू राहते. आम्ही अपराध केला आणि बंड केले, अशी कबुलीही त्याच अध्यायात आहे. आपल्याच चुकीने ओढवलेल्या दुखण्याने खाटेवर पडलेला रुग्ण पहाटे माझ्याकडे पाहून विचारतो की देव आता माझे कशाला ऐकेल, तेव्हा मी त्याला हे पुस्तक कोणी लिहिले आणि कोठे बसून लिहिले ते सांगते. बाकी काही सांगत नाही.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. एका तरुण वाचकाने अनुभव न पाठवता प्रश्न पाठवला आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपण कसेही वागलो तरी देव वचन पाळणारच असेल, तर आज्ञा पाळायची कशासाठी, असे ते विचारतात. प्रश्न नवा नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात तो उचलला आहे आणि ६व्या अध्यायात त्याला ठाम नकार दिला आहे. मला यावर सर्वांत स्पष्ट उत्तर गणनेच्या १३व्या व १४व्या अध्यायांत दिसते. बारा हेर देश पाहून येतात, दहा जण लोकांचे धैर्य खचवतात आणि लोक मिसर देशाकडे परत फिरण्याची भाषा करतात. मोशेच्या विनवणीवरून देव क्षमा करतो. त्याच श्वासात तो हेही सांगतो की या पिढीतील वीस वर्षांवरील लोक, विश्वासू राहिलेले दोन हेर कालेब आणि यहोशवा सोडून, तो देश पाहणार नाहीत. अभिवचन मोडले गेले नाही, कारण त्यांची मुले त्या देशात गेली. ते मात्र गेले नाहीत. देव आपला शब्द पाळतो याचा अर्थ त्याची ताकीदही तो पाळतो, आणि हे मान्य न करणारी कृपेची शिकवण मला अपुरी वाटते. आज्ञा मोडल्याने देवाचे वचन रद्द होत नाही, पण त्या वचनातला आपला वाटा आपण गमावू शकतो, ही भीती पवित्र शास्त्राने कधीच सौम्य केलेली नाही.

आणखी एक गोष्ट. ही सगळी अभिवचने प्रथम इस्राएलाला दिलेली आहेत. पौल त्याच पत्राच्या ११व्या अध्यायात देवाची कृपादाने आणि त्याचे पाचारण मागे घेतली जात नाहीत असे म्हणतो तेव्हा तो आपल्या ज्ञातिबांधवांविषयी, म्हणजे इस्राएल लोकांविषयीच बोलत असतो. इस्राएलाचा आज्ञाभंग वाचताना दुसऱ्या कोणाचे तरी पाप वाचल्यासारखे नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तुरुंगात सेवा करणारे एक पाळक

माझ्या भेटीत कैद्यांना यहूदाचा राजा मनश्शे याची कथा सर्वांत जवळची वाटते. त्याने ५५ वर्षे यरुशलेमेत राज्य केले, मंदिराच्या अंगणांतच परक्या दैवतांच्या वेद्या बांधल्या, आपल्या मुलांना अग्नीत होमून दिले आणि निर्दोषांच्या रक्ताने नगर भरून टाकले. दुसऱ्या इतिहासाच्या ३३व्या अध्यायात तो बेड्या घालून बाबेलास नेला जातो, तेथे दीन होऊन प्रार्थना करतो आणि देव त्याचे ऐकून त्याला पुन्हा राज्यावर आणतो. हे ऐकताना काहींचे डोळे चमकतात. मग मी दुसऱ्या राजांचा २४वा अध्यायही वाचतो, कारण तेथे यहूदाच्या नाशाचे कारण म्हणून मनश्शेने सांडलेल्या रक्ताचेच नाव घेतले आहे. एका कैद्याने मला विचारले, “म्हणजे त्याला क्षमा झाली, पण ज्यांना त्याने मारले ते काही परत आले नाहीत?” मी हो म्हटले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग, ज्या कुटुंबाचे त्याने नुकसान केले होते त्यांना पत्र लिहायला माझी मदत मागितली.

दावीद राजाचा वंश टिकवण्याच्या वचनाचा धागा याच मनश्शेतून पुढे जातो. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील येशूच्या वंशावळीत त्याचे नाव आहे, आणि ते गाळलेले नाही. शलमोनाची आई तेथे स्वतःच्या नावाने नाही, तर उरीयाची पत्नी म्हणून येते. म्हणजे उरीयाची पत्नी घेऊन त्याला मारवण्याचे दावीदाचे पापही त्या यादीत लिहून ठेवलेले आहे.

हिशेबाचे काम केलेले एक गृहस्थ

मी पूर्वी जेथे काम करत होतो तेथे वरिष्ठांच्या सांगण्यावरून खोट्या नोंदी केल्या. ते उघडकीस आले आणि माझी नोकरी गेली. सांगणाऱ्याने सांगितले हे खरे, पण हात माझा होता, म्हणून ही शिक्षा अन्यायाची होती असे मी कधी म्हटले नाही. पुढची वर्षे मिळेल ते किरकोळ काम करण्यात गेली, आणि त्या वर्षांत अनुवादाच्या ८व्या अध्यायाने मला धरून ठेवले. अरण्यातील चाळीस वर्षे ही आज्ञाभंगाचीच शिक्षा होती. त्या शिक्षेच्या काळात लोकांच्या अंगावरची वस्त्रे जीर्ण झाली नाहीत आणि पाय सुजले नाहीत, असे तेथे लिहिले आहे. ज्या देवाने त्यांना देशाबाहेर ठेवले, तोच पहाटे त्यांच्या तळाभोवती मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारे अन्न, पाडत होता. यहोशवाच्या ५व्या अध्यायानुसार तो मान्ना बंद झाला तो लोकांनी कनानातील पीक खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याआधी नाही.

आमच्या घरी त्या काळात पैसा शिल्लक राहिला असे क्वचितच झाले, पण मुलीची फी भरण्याचा दिवस आला आणि हात रिकामा होता, असेही झाले नाही. कधी जुन्या ओळखीतून एखादे काम येई, कधी मंडळीतील कोणी न सांगता येऊन मदत करून जाई, आणि आम्ही दोघे नवरा-बायको रात्री वहीत ते लिहून ठेवत असू, कारण हिशेब लिहिण्याची सवय माझी सुटली नव्हती आणि या नोंदी खऱ्या होत्या. जुनी नोकरी मला परत मिळाली नाही. ती मिळावी अशी प्रार्थना मी आता करतही नाही. मुलीचे शिक्षण पूर्ण झाले असून तीही आता हिशेबाचेच काम करते, आणि नोकरीवर रुजू होण्यापूर्वी तिने ती वही माझ्याकडून मागून घेतली.