मदत हवी आहे: अष्टांगहृदय आणि तिबेटी ग्युशी

मंडळी, सोवा रिग्पा म्हणजे तिबेटी वैद्यकाच्या इतिहासावर वाचतेय. वाग्भटाचा आयुर्वेदावरचा ग्रंथ अष्टांगहृदय 11व्या शतकात रिन्चेन झांगपो या तिबेटी अनुवादकामुळे तिबेटीत गेला, मग युथोक योंतेन गोनपो या तिबेटी वैद्याशी जोडल्या जाणाऱ्या ग्युशीत (तिबेटी वैद्यकाचा मुख्य ग्रंथ) त्यातलं बरंच काही आलं, त्यांचे तीन दोष लुंग-त्रिपा-बेकेन म्हणजे तर आपले वात-पित्त-कफच, पण त्यांच्या नाडीपरीक्षेवर चिनी वैद्यकाची छाप दिसते आणि हे मिश्रणच मला जाम आवडतं. ल्हासाचं चाकपोरी हे वैद्यक विद्यालय 1696 चं, 1959 ला उद्ध्वस्त झालं, तरी 1961 ला धरमशाळेत मेन-त्सी-खांग ही तिबेटी वैद्यक-ज्योतिषाची संस्था पुन्हा उभी केली निर्वासित तिबेटी लोकांनी, कमाल आहे खरंच!

तर दोन्ही ग्रंथांची अध्यायवार तुलना कुठे मिळेल? पुण्या-मुंबईतल्या कुठल्या लायब्ररीत? आयुर्वेदवाल्यांनी, तिबेटी येणाऱ्यांनी प्लीज सांगा, इंग्रजी-हिंदी काहीही चालेल.