मदत हवी आहे: आयरिश बीटच्या वाघिणींचं (रेल्वेच्या मालडब्यांचं) मॉडेल

नमस्कार मंडळी. मी आयर्लंडमध्ये कॉर्कला राहतो. इथून जवळच्या मॅलोच्या साखर कारखान्यात २००६ पर्यंत रेल्वेने शुगर बीट यायचं. (ऊस नाही, बीट! गावी सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही.) त्या वाघिणी १:७६ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या ७६ पट लहान) करतोय. गंमत म्हणजे, पन्हाळी पत्र्याच्या एका उघड्या वाघिणीवर दुसरीचा सांगाडा चढवून त्या उंच केल्या होत्या. मधला जोड नीट दिसला नाही तर मॉडेलला अर्थ नाही.

अडचण पत्र्याची आहे. खरा पत्रा तीन मिमी धरला तरी मॉडेलमध्ये ०.०४ मिमी होतो. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर अर्ध्या मिमीखाली भिंत वाकते, आणि अर्धा मिमी ठेवला की वरची कड चक्क पुठ्ठ्यासारखी जाड दिसते. फक्त कडेला आतून तिरका उतार देऊन कोणी पाहिलंय का? की पितळी पत्रा दाबून पन्हाळी पाडणंच बरं?

दुसरं, रुळांचं. आयर्लंडचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६०० मिमी, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा ७६ मिमी कमी. म्हणजे मॉडेलला २१ मिमी हवा, पण बाजारातला तयार रूळ १६.५ चा. त्यावर गाडी काटकुळ्या पायांची वाटते. २१ मिमीचे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) हाताने केलेल्या कुणी सांगावं, किती वेळ जातो? बायकोला आधीच कल्पना द्यावी लागेल.

जुने फोटो असतील तर तेही चालतील, विशेषतः खालच्या चौकटीचे.